मुलींच्या बाजूचं दार

गुण्यामिस्त्रीचा त्या इमारतीवर जीव होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यापायीच झालं. माणसाचा बायकोवर जीव असतो, पोरांवर असतो, फार तर एखाद्या कुत्र्यावर असतो. ह्या बाबाचा दगडी इमारतीवर. आणि इमारत तरी कुठली, तर ज्या शाळेतून मास्तरांनी त्याला 'तू हातानेच शिकशील, डोक्याने नाही' म्हणून लहानपणीच घरी धाडलं होतं, तीच.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. मिस्त्रीच्या खिशात ते कायम असायचं. कुणाच्या घरी चहाला गेला तरी ह्याची नजर दाराच्या चौकटीवर, आणि चौकट जरा तिरकी दिसली की दाढ दुखल्यासारखा चेहरा करून बसायचा. यजमानीण बिचारी विचारायची, "चहात साखर कमी पडली का?" हा म्हणायचा, "चहा उत्तम. दार भिकार." असा माणूस. नाव पडायला वेळ लागतो थोडाच?

इमारत गोऱ्या साहेबाने बांधलेली. काळा दगड, चुन्याचे सांधे, भिंती एवढ्या जाड की उन्हाळ्यातसुद्धा आत अंगावर काटा यावा. छत उंच. खिडक्याही उंच, पोरांच्या डोक्याच्या पार वर. ते मुद्दाम हो! पोरांना बाहेरचं दिसलं की ती शिकत नाहीत, असं साहेबाचं मत. उजेड आत यायचा, वारा यायचा, पण बघायला मिळायचं ते नुसतं आभाळ. आणि अख्खी इमारत मधोमध कापलेली. एका अंगाला मुलगे, एका अंगाला मुली. दारं दोन, जिने दोन, पाण्याच्या टाक्या दोन, आणि मधे जोत्यापासून छपरापर्यंत एक आडभिंत. त्या भिंतीत तळमजल्यावर एकच दार ठेवलेलं, तेही तपासनीस आला तर त्याला वळसा पडू नये म्हणून. बाहेरच्या दोन्ही दारांवर साहेबाच्या भाषेत 'मुलगे' आणि 'मुली' असं दगडात कोरलं होतं. साहेब गेला, अक्षरं तशीच राहिली.

पुढे शाळा नव्या जागेत गेली आणि ह्या इमारतीचे जे हाल सुरू झाले, ते काही विचारू नका. सरकारला कुठली नकोशी गोष्ट ठेवायची झाली की ही इमारत आठवायची. साथ आली तेव्हा इथे रोगी आणून टाकले. मिस्त्री तेव्हा मिसरूड फुटलेला, आपल्या उस्तादाच्या हाताखाली होता. खाटा कमी पडल्या म्हणून त्यांनी वर्गातली बाकं दोन-दोन जोडून खाटा केल्या. ज्या बाकावर बसून त्याने मार खाल्ला होता, त्यावर लोक मरताना त्याने पाहिले. साथ सरल्यावर ती बाकं मागच्या अंगणात जाळली, तेव्हा उस्ताद लहान पोरासारखा रडला होता. मग कोर्ट आलं. मिस्त्रीने साक्षीदाराचा पिंजरा केला, आणि तो असा काटकोनात, की म्हणे खोटं बोलणारालाही त्यात सरळ उभं राहावं लागेल. कसलं काय, खोटं बोलणारे चांगले टेकून बोलायचे. कोर्ट गेलं आणि धान्याचं गोदाम आलं. मुलींच्या बाजूला पोती, मुलांच्या बाजूला कारकून. पोती रात्रीतून चालायला लागली, तेव्हा गोदामाच्या साहेबाने मधलं दार कायमचं बंद करायला सांगितलं, आणि ते कामही मिस्त्रीनेच केलं. गोदामही उठलं. आता उरलं काय ठेवायला? म्हातारी माणसं. इमारतीचा वृद्धाश्रम झाला.

मिस्त्रीची बायकोही ह्याच शाळेतली. पण हे दोघांना लग्न ठरेपर्यंत ठाऊक नव्हतं. तो भिंतीच्या ह्या अंगाला, ती त्या अंगाला. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. संसारात मात्र हा त्यांच्या चेष्टेचा हुकमी विषय होता. ती म्हणायची, "तुमच्याकडून नुसता गोंगाट यायचा. वाटायचं, पलीकडे शाळा आहे की गुरांचा बाजार?" तो म्हणायचा, "आणि तुमच्याकडून काहीच यायचं नाही. आम्हाला वाटायचं, पलीकडे कुणी नाहीच." ह्यावर ती हसायची. पण शाळेतलं आणखी काही तिने कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

म्हातारपणी तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग नातवाचं. मग एक दिवस ती सकाळीच पिशवी काखेत मारून दारात उभी. "अहो, जाते मी. शाळा भरेल. उशीर झाला की बाई रागावतात." त्याने समजूत काढून आत आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर भरल्या रस्त्याच्या मधोमध उभी सापडली. ट्रकवाला खाली उतरून शिव्या देत होता आणि ही त्यालाच शाळेची वाट विचारत होती.

मुलगा काही वाईट नव्हता. दोन खोल्या, तिसरा मजला, नवरा-बायको दोघं कामावर, करणार काय? त्याने हिंडून एक नवा आश्रम शोधला. तिथे नवरा-बायकोला मिळून एक खोली होती, दोन खाटा शेजारी-शेजारी, उशाशी बोलवायची घंटा. मिस्त्री जाऊन बघून आला.

"कशी वाटली, बाबा?"

"चौकट तिरकी आहे."

मुलाने कपाळावर हात मारला. "अहो बाबा, राहायचंय तुम्हाला! चौकट घेऊन काय करायचंय?"

पण चौकट हे नुसतं निमित्त. मिस्त्रीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. तो मुलाला म्हणाला, "ती रोज शाळेत जायचं म्हणते ना? मग नेऊ की शाळेत! ती इमारत तिला पाठ आहे. तिथे तिला सगळं ओळखीचं दिसेल, डोकं थाऱ्यावर येईल. नव्या जागेत नेलंस तर मलाही विसरून जाईल ती." मग खालच्या आवाजात म्हणाला, "सगळं विसरू दे रे. पण जायची वेळ येईल तेव्हा समोर कोण बसलंय, एवढं तिला कळायला हवं. दुसरं मला काही नको."

बाप आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होता. मुलाने ऐकलं.

दाखल करायच्या दिवशी रिक्षा इमारतीसमोर थांबली आणि काय सांगावं, म्हातारी आपली आपण उतरली! पिशवी काखेत, मान ताठ, आणि तरातरा मुलींच्या दाराने आत. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मिस्त्रीने मुलाला कोपराने ढोसलं. "बघितलंस? ओळखलं तिने! मी काय म्हणत होतो?" मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, मिस्त्रीच्याही आलं.

तिथली व्यवस्था एक मेट्रनबाई बघायच्या. आवाज करडा, पण मनाने सरळ. त्यांनी सांगितलं, पुरुष ह्या बाजूला, बायका त्या बाजूला. जोडप्यांच्या वेगळ्या खोल्या नाहीत, इमारतच तशी आहे. रोज दुपारी पुढच्या व्हरांड्यात भेटता येईल. मिस्त्रीला ते चाललं. दुपारी म्हातारी येऊन शेजारी बसायची. कधी त्याला 'अहो' म्हणायची, कधी नुसतीच गप्प. पण खूश दिसायची, आणि शाळेत जायचा हट्ट संपला होता. हट्ट कसला राहणार म्हणा, ती शाळेतच होती.

आणि मग ती न्हाणीघरात पडली. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात कापाकापी नको, पडून राहू दे, कुठे हलवू नका. पण बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं नाही. त्यावरून मिस्त्री काय ते समजला.

दुपारचा व्हरांडा बंद झाला. आयाबाई निरोप आणायची, आज पेज घेतली, आज नाही घेतली. मिस्त्री मेट्रनबाईंकडे गेला.

"बाई, मला तिच्यापाशी बसू द्या."

"बाबा, बायकांच्या हॉलमध्ये पुरुष कसा सोडू? तिथे अंग पुसतात, कपडे बदलतात. उद्या तुमच्या मिसेस तिथे असताना मी दुसरा कुणी पुरुष आत सोडला, तर तुम्हीच माझ्या अंगावर धावून याल."

बरोबर होतं. समोरच्याचं बरोबर असलं की राग दुप्पट येतो. मिस्त्री दिवसभर खाटेवर पडून त्या उंच खिडकीतलं आभाळ बघत राहिला. शेजारच्या खाटेवर एक रिटायर पोस्टमन असायचा, तोंडाळ माणूस, त्याची बडबड ह्याच्या कानावरून जात होती. संध्याकाळी मात्र उठून पुन्हा मेट्रनबाईंच्या दारात उभा.

"मुलींच्या बाजूला अगदी टोकाला, मधल्या भिंतीला लागून, शिवणाची खोली आहे. तिची खाट तिथवर सरकवता येईल?"

"खाट सरकवता येईल. पण तुम्ही तिथे येणार कसे? हॉलमधूनच यावं लागेल ना?"

"नाही. त्या खोलीला आमच्या बाजूने दार आहे."

"दार? अहो, तिथे भिंत आहे."

"भिंत नाही. दार आहे. मी बंद केलंय."

मेट्रनबाई हसल्या आणि म्हणाल्या, "उघडा. तुमचं तुम्ही उघडत असाल तर माझी ना नाही."

मुलाने घरून हत्यारांची पेटी आणून दिली. मिस्त्रीने मुलांच्या बाजूच्या बोळात स्टूल मांडलं आणि कामाला लागला. आता हे दार त्याने चोरांसाठी बंद केलेलं, आणि ऐन उमेदीत. आडव्या-उभ्या जाड फळ्या, बोटाएवढे लांब स्क्रू, प्रत्येकाच्या डोक्यावर लांबीचा लगदा भरून, वाळल्यावर घासून सपाट केलेला, वर रंगाचे हात. स्क्रू कुठे आहे हेच आधी शोधावं लागत होतं. पटाशीने लांबी खरवडायची, खाच मोकळी करायची, तेल सोडायचं, आणि मग डिसमिस लावून जोर करायचा. तो जोर आता राहिला होता कुठे? डिसमिस घसरायचा, बोटं सोलून निघाली. एखादा स्क्रू सकाळी हातात घ्यावा तो दुपारी सुटायचा. गंजलेला निघाला की डोकं तुटून हातात यायचं.

पोस्टमन भिंतीला टेकून बसायचा आणि तोंड चालवायचा. "मिस्त्री, आयुष्यात एखादं काम वाईट करायला तुझं काय जात होतं रे?"

"तू तेल धर."

"धरतो. पण माझ्या तिरडीचं काम तुला देणार नाही. उठून यावंसं वाटलं तर पंचाईत."

मिस्त्रीला हसू आलं. त्या दिवसांत तो तेवढाच हसला असेल. जेवायलासुद्धा उठायचा नाही, पोस्टमन ताट बोळात आणून द्यायचा. तिकडे तिचा ताप चढत होता, आणि इकडे अर्ध्या फळ्या अजून जागच्या जागी होत्या. रात्री मेट्रनबाई काम करू द्यायच्या नाहीत, बाकीचे झोपतात म्हणून. मग खाटेवर पडून हा नुसता मनातल्या मनात स्क्रू काढत बसायचा.

खालच्या फळ्या निघाल्या तेव्हा पलीकडून आवाज यायला लागला. तिची खाट शिवणाच्या खोलीत आणून ठेवली होती. मिस्त्रीने दाराला कान लावला.

"बोलतेय रे!"

"काय म्हणतेय?"

"हजर म्हणतेय. हजर, बाई."

"मग झालं तर. वर्ग भरलाय," पोस्टमन म्हणाला. पण तो चेष्टेने म्हणाला नाही.

शेवटची फळी सकाळी निघाली. मिस्त्रीने हात धुतले, तोंड धुतलं, आरशात बघून भांग पाडला. पोस्टमनला म्हणाला, "तू इथेच थांब." मग कडी काढली. बिजागऱ्या करकरल्या आणि दार आत उघडलं.

ती उशांना टेकून बसती केलेली होती. केस तोंडावर येतात म्हणून आयाबाईने दोन वेण्या घातल्या होत्या. केवढीशी झाली होती! मिस्त्री उंबरठ्यावरूनच म्हणाला, "अगं, आलो बघ."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"अरे, तू इकडे कसा आलास?"

"अगं मी..."

"मुलांनी इकडे यायचं नाही! जा! बाई बघतील!" तिचा आवाज चिरकला. "जा रे, पाया पडते, जा! बाई, मी नाही बोलावलं त्याला! मी दाराकडे बघितलंसुद्धा नाही, देवाशप्पथ!"

मेट्रनबाई धावत आल्या. त्यांना बघताच म्हातारीने डोळे गच्च मिटले आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ. छडी बसायची वाट बघत ती तशीच बसून राहिली.

"कुणी मारणार नाही तुम्हाला, आजी," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला. तिने तो सोडवून घेतला आणि पुन्हा पुढे केला.

मिस्त्री उंबरठ्याच्या अलीकडेच उभा होता. एवढ्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. आणि तेव्हा कुठे त्याला आपण काय करून बसलो ते कळलं. तिला इमारत आठवेल, हे त्याचं खरं होतं. दगड न् दगड आठवत होता तिला. पण तिच्या त्या शाळेत हा होताच कुठे? त्या शाळेत तिला नवरा नव्हता, मुलगा नव्हता, संसार नव्हता. भिंतीपलीकडे गोंगाट करणारी परकी पोरं होती आणि त्यांच्यामुळे बसणारा मार होता. बायकोला त्याने स्वतः हाताला धरून अशा जागी आणून सोडलं होतं, जिथे तो तिला कुणीच लागत नव्हता. दोन खाटांची खोली नाकारून!

त्याने दार लोटून घेतलं. पण तेवढ्याने भागलं नाही. दुपारी आयाबाई सांगत आली, ती दारावरची नजर काढत नाही, पाण्याचा घोट घेत नाही, डोळा मिटत नाही. दार हललं असं वाटलं की हात पुढे करते. मेट्रनबाई म्हणाल्या, खाट पुन्हा हॉलमध्ये नेऊ. पण हात लावला की ती कळवळत होती, आणि डॉक्टर म्हणाले, आता तिला हलवण्यात अर्थ नाही, आजची रात्र निघाली तरी खूप.

मिस्त्री उठला. काढलेल्या फळ्या बोळातच रचून ठेवल्या होत्या.

"बाबा, राहू द्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी आतून कडी घालते. किंवा नुसतं कपाट लावू समोर."

"नको. दार आहे हे तिला आता माहीत झालंय."

"अहो, पण तुम्ही... मग तुम्ही तिच्याजवळ..."

"तुम्ही बसा तिच्याजवळ. तुम्ही बाई आहात."

पोस्टमनने न सांगता स्क्रूचा डबा पुढे केला. मिस्त्रीने मान हलवली. "स्क्रूचा आवाज होत नाही. खिळे दे. मोठे दे." जन्मात दाराला खिळा न ठोकलेला माणूस, त्याने पहिली फळी उचलून चौकटीवर धरली, ती सरळ आहे का तेही पाहिलं नाही, आणि हातोडी घेऊन भिंत दणाणेल असा ठोका घातला. मग दुसरा. मग थांबून ऐकलं.

आतून तिचा बारीक आवाज आला. "बंद करतायत का हो, बाई?"

"हो गं, बंद करतायत," मेट्रनबाई म्हणाल्या.

"गेला तो?"

"गेला."

मिस्त्रीने पुढचा खिळा घेतला आणि आणखी जोरात ठोकला.